वैद्यकीय कारण

सकाळी साडेदहाला डॉक्टर तिच्या खोलीत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "तुमचे दादा वैद्यकीय कारणामुळे दाता होऊ शकत नाहीत. याहून जास्त सांगता येणार नाही."

रक्ताच्या कर्करोगातून तिला वाचवू शकेल अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे दादाच्या स्टेम सेल्स. त्या तिच्याशी तंतोतंत जुळल्या होत्या. कालपर्यंत तोच ऐटीत सांगत होता, "आता माझं रक्त येणार तुझ्या अंगात. निदान आता तरी उलट बोलू नकोस!"

डॉक्टर गेले तसा दादा मास्क लावून आत आला आणि तिचा हात हातात घेऊन रडायलाच लागला. "छोटे, तुझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं असतं गं. पण माझ्यातच काहीतरी खोट निघाली. आता मी तरी काय करू?"

"असू दे रे," ती म्हणाली. "रडू नकोस."

आजारी पडेपर्यंत ती याच रुग्णालयाच्या प्रत्यारोपण विभागात समुपदेशक होती. जुळलेला दाता ऐन वेळी घाबरून नकार देतो, तेव्हा घरच्यांसमोर त्याची मान खाली जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी काय सांगायचं, ते वाक्य तिनेच शब्द न् शब्द बसवून दिलं होतं. दात्याला खरोखर आजार निघाला, तर त्याच्या संमतीने आजाराचं नाव सांगायचं, हेही तिनेच ठरवलेलं.


दादाने अजून तिचा हात सोडलेला नाही.