गुलाबाचा गाभा

उल्काचा गुलाब आपल्यापेक्षा चांगला झालाय, हे पद्मिनीला इतर कुणी सांगायची गरज नव्हती.

लखनऊच्या आलमबागेत निगमसरांच्या घरी, वरच्या खोलीत दोघींचे ईझल शेजारी शेजारी होते. दोन्हींवर एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती चिमट्याने लावलेल्या. गर्द लाल गुलाब, सरांनी स्वतः टिपलेला. फोटोत आहे तसाच ऑइलमध्ये उतरवायचा, आणि जिचा सरस होईल तिचा फेब्रुवारीतल्या प्रदर्शनात जायचा. पद्मिनी इथे तीन वर्षं येत होती. उल्का आली दिवाळीनंतर, एअरफोर्समधल्या नवऱ्याची नागपूरहून बदली झाली तेव्हा. आली ती थेट पाकळ्या वळवायलाच लागली.

सरांचं "वाह!" असायचं ते तिला. पद्मिनीला म्हणायचे, "सफाई अच्छी है." सफाई! ती काय भांडी घासत होती? तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

चहा आला तसे सर कप घेऊन गच्चीत गेले. जानेवारीत लखनऊला ऊन पडलं की घरात कुणी थांबत नाही.

"पद्मिनीताई, चला ना, धूप निघून जाईल," उल्का म्हणाली.

"तू हो पुढे. ब्रश धुऊन आलेच."

ब्रश तिने धुतलाच नाही. थंडीमुळे उल्काचा रंग अजून ओला होता. तिचा गुलाब बिघडवायला एक फटकारा पुरे होता. 'शालीचं टोक लागलं गं' असं म्हणायचंही ठरलं. पॅलेटवरचा उरलासुरला लाल, तपकिरी, जांभळा तिने एकत्र घोटला आणि गुलाबाच्या काळ्याकुट्ट गाभ्यात ब्रश खुपसून खेचला. दिवाळीपासूनचा सगळा जळफळाट त्यात ओतला. मग वळूनही न बघता गच्चीत गेली आणि मूंगफली सोलत बसली. फार बरं वाटत होतं.

खाली आल्यावर सर उल्काच्या ईझलपुढे थबकले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं.

"ये क्या किया आपने?"

पद्मिनीने शालीचं वाक्य जिभेवर आणून ठेवलं.

"फोटो तो अँधेरे को काला कर ही देता है," सर म्हणाले, "और आप लोग वही काला उतार देती हैं. पर इसमें तो खून दौड़ रहा है!"

तेव्हा कुठे पद्मिनीने नीट पाहिलं. काळ्या भोकाच्या जागी आता खोली होती. आत लाल धुमसत होतं आणि भोवतीच्या पाकळ्या खऱ्या वाटत होत्या. तिच्या स्वतःच्या गुलाबात फोटोतला काळा रंग अगदी नीटनेटका बसला होता.

उल्का चित्राकडे बघत राहिली, मग सरांकडे.

"जी सर," ती हळूच म्हणाली. "बस... हो गया."

खोटारडी! पद्मिनीच्या अगदी ओठांवर आलं. माझा आहे तो फटकारा, माझा! पण तो का मारला, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

सर तिच्या ईझलकडे वळले.

"पद्मिनीजी," ते मायेने म्हणाले, "कभी आप भी ऐसा हाथ चलाइए ना. डरती किससे हैं?"