पडदा काळा असताना

पडदा काळा झाला, पण आवाज चालूच राहिला. तो आपलाच आहे हे दाईच्या ध्यानात यायला दोन वाक्यं जावी लागली.

सिनेमा तिच्यावरच होता. काढणारा तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला, बँकेच्या मालकांचा एकुलता एक मुलगा. बापजाद्यांच्या खुर्चीकडे पाठ फिरवून तो सिनेमे काढी आणि वाट्याचा पैसा धर्मादाय दवाखान्यांत घाली. अशा लेकराला नाही कसं म्हणायचं?

फक्त एकदा तिने त्याला थांबवलं होतं. “बाळा, आता सांगते ते तुझ्यापाशीच ठेव हं.”

“तुझ्या गळ्याची शपथ, माई. हा बघ, कॅमेरा बंद.”

कॅमेरा खरंच बंद होता. तिच्या गळ्याशी टाचलेला माईक मात्र कुणी काढला नव्हता.

“माझी छकुली तापाने फणफणलेली,” काळोखातून तिचा आवाज सांगत होता, “पण इथे तूही तापलेला, बाईसाहेब सोडीनात. मी घरी पोचले तेव्हा ती गार पडली होती.”

शेजारी नवरा बसला होता. छकुली गेली तेव्हा तो लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता, आठवड्याने परतला. माझ्या मांडीवरच गेली, शांत गेली, असं तिने त्याला सांगितलं होतं. त्या एवढ्याशा आधारावर माणसाने चाळीस वर्षं काढली.

“अहो...” ती पुटपुटली. त्याने मान वळवली नाही.

दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलांच्या नव्या दवाखान्याला छकुलीचं नाव दिल्याचं मालकांच्या मुलाने मंचावरून भरल्या डोळ्यांनी जाहीर केलं. लोक उभे राहिले. तो खाली उतरला आणि माईक बाजूला धरून तिच्या कानाशी वाकला.

“रागावलीस? अगं, सिनेमाचं काळीज आहे ते.”

“शपथ घेतली होतीस रे.”

“चांगल्या कामासाठीच ना, माई!” तिचा गाल थोपटून त्याने माईक तिच्या नवऱ्यापुढे केला. “काका, तुम्हीही दोन शब्द बोला.”

म्हातारा उठला. माईक त्याने दोन्ही हातांनी धरला. लोकांकडे पाठ करून तो बायकोकडे बघत राहिला.

“मग तिच्याजवळ कोण होतं गं?”

शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.