सारणातली साखर

"साखर घातली मी," आर्गिरो म्हणाली.

"कधी?"

"फोन यायच्या आधी."

"फोन यायच्या आधी तुम्ही अंडी फोडत होतात, आई. मी समोरच उभी होते."

"मग फोननंतर."

रोदांथीने लाटणं टेबलावर आपटलं. या बाईपुढे डोकं फोडून घ्यावं, असं तिला सकाळपासून तिसऱ्यांदा वाटलं. परातभर ताजं चीज, त्यात अंडी, दालचिनी, पुदिना. सगळं कालवून तयार. पाऱ्या लाटून झालेल्या. आता पारीवर सारण ठेवायचं, कडा चिमटीने उभ्या करून पणतीसारखा आकार द्यायचा आणि ट्रे भट्टीवर पाठवायचे. भट्टीवाल्याचे दोन निरोप येऊन गेले होते. आणि सासूबाईंना साखर घातली की नाही, एवढं आठवत नव्हतं. आठवत नाही असं कबूल करेल तर ती आर्गिरो कसली.

चाखायची सोय नव्हती. उद्या ईस्टर. सात आठवड्यांचा उपास आज मध्यरात्री चर्चमधून आल्यावर सुटायचा, तो याच चीजच्या गोड कालित्सुनियांनी. तोवर दूध नाही, चीज नाही. रोदांथीने सारण चिमटीत चोळून पाहिलं. चीजच मुळात रवाळ, काय डोंबल कळणार? डब्यातली साखर कमी दिसत होती, पण सकाळपासूनच्या कॉफीलाही तीच गेली होती.

"आणखी घालते सरळ."

"आणि दुप्पट गोड झालं तर?"

"मग तुम्ही चाखा."

"मी? आज?" आर्गिरोने छातीवर क्रूसाची खूण केली.

"मी चाखते."

"या घरात नाही."

संध्याकाळच्या बोटीने दोन्ही नणंदा येणार होत्या. सासरे गेल्यानंतरचा हा पहिला ईस्टर. अगोड घास तोंडात आला की बोट कुणाकडे रोखलं जाणार, हे रोदांथीला लग्नापासून ठाऊक होतं.

"दरवर्षी तुम्ही फोनवर बोलता नि दरवर्षी विसरता," तिचा आवाज चढला. "तरी चव कधी बिघडली नाही. मग चाखायचं कोण?"

आर्गिरोने खिडकीकडे पाहिलं.

"सिफिस," ती म्हणाली. "तुझ्या सासऱ्याला कुठलं चर्च नि कुठला उपास. त्या खुर्चीत पेपर वाचत बसायचा. मी चमचा पुढे करायचे, वर शिव्याही घालायचे. तो चाटून सांगायचा. एकदा चुकला नाही, नास्तिक कुठला."

खिडकीजवळच्या खुर्चीत आता पिठाची पिशवी होती. रोदांथीला बोलल्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखीच राग आला. तिने चमचा सारणात बुडवला आणि सासूच्या डोळ्यांदेखत तोंडात घातला.

"साखर नाही. कणभरसुद्धा नाही."

आर्गिरोने पुन्हा क्रूसाची खूण केली. डबा आणला, साखर ओतली, हाताने कालवली. मग खुर्चीतली पिशवी उचलून खाली ठेवली.

"बस," ती म्हणाली आणि भरलेला चमचा सुनेपुढे धरला. "आता सांग. नास्तिक कुठली."