शेवटचा हात

"उतर," काका म्हणाला.

चिमणीने हेल्मेटचा पट्टा नुकताच आवळला होता. तिला वाटलं, थट्टा चाललीय. काका म्हणजे कॉलेजात स्वतः गाडी बनवणाऱ्या गाडी-क्लबचा कॅप्टन. नापास होत होत तो मेकॅनिकल विभागात इतका मुरला होता की प्राध्यापकही त्याला काकाच म्हणत. एकदा तर हजेरीलासुद्धा त्याला कुणी याच नावाने पुकारलं होतं. मघाशी तो गाडीच्या मागच्या चाकाशी वाकला होता. काय करतोस, असं कुणी विचारल्यावर "बुटाची नाडी बांधतोय" म्हणाला होता. आता तो गाडीशेजारी हात पुढे करून उभा होता आणि हसत नव्हता.

"हेल्मेट दे. पहिली फेरी मी मारणार."

विभागामागच्या पार्किंगमध्ये जमलेली सगळी पोरं काकाकडे बघायला लागली. क्लबचे बाकीचे नियम सोयीने वाकायचे, पण एक नियम कुणी मोडला नव्हता. ब्रेकला शेवटचा हात ज्याचा, नव्या गाडीची पहिली फेरी त्याची. स्वतःचा जीव टांगणीला असला की माणूस काम उरकत नाही, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान. या वर्षी ब्रेक चिमणीचे होते. सुट्टीतही ती गाडीखाली आडवी असायची. "घरातला गळका नळ थांबवता येत नाही, आणि निघालीय गाडी थांबवायला," असं आई म्हणायची. त्याच आईला आज व्हिडिओ पाठवायचा होता.

"काका, नियम तूच शिकवलास ना मला?"

"शिकवला. आता उतर, सर बघतायत."

सर म्हणजे विभागप्रमुख. त्यांच्या बाजूला रोबोट-क्लबची मंडळी हाताची घडी घालून उभी होती. वर्कशॉपच्या गाडीवाल्या अर्ध्या भागावर त्यांचा केव्हापासून डोळा होता. सरांनी बजावूनच ठेवलं होतं, सुरक्षेत एक जरी ढिलाई दिसली तर किल्ली रोबोटवाल्यांना. त्यांच्यासमोर भांडण नको म्हणून चिमणी हेल्मेट काढून उतरली.

काका बसला. गाडी टोकाला गेली, वळली, सुसाट परत आली आणि खडूने आखलेल्या रेषेवर गपकन थांबली. सर पुढे येऊन त्याला म्हणाले, "शाब्बास, कॅप्टन!" चिमणीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती रडली असती, पण रोबोटवाल्यांसमोर तिला रडायचं नव्हतं.

"आयत्या बिळावर नागोबा," मागून इंजिनवाला पुटपुटला. तो काकाचा जुना दोस्त होता. त्यानेच असं म्हटल्यावर बाकीच्यांचं मत व्हायला वेळ लागला नाही.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये नव्या कॅप्टनची निवड होती. काकाला आणखी एक वर्ष हवं होतं. त्याच्यासमोर एकटी चिमणी उभी होती, आणि निवडणुकीत आपण पडणार याची सकाळपर्यंत तिलाही खात्री होती. आता तिच्या नावावर भराभर हात वर झाले. इंजिनवाल्यानेही केला.

"काका, काही बोलायचंय?" त्याने जरा टोचूनच विचारलं.

"काही नाही. पोरगी चांगली आहे," काका म्हणाला. त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि आपला डबा उचलून तो बाहेर गेला.

फोटो काढायला सगळे अंगणात जमले. चिमणी गाडी झाकायला मागे थांबली. सवयीने ती टॉर्च घेऊन चाकांशी वाकली. बोल्ट पूर्ण आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची, ही क्लबची पद्धत. बोल्ट नंतर हलला तर रेघ तुटलेली दिसते. प्रत्येकाचा रंग वेगळा असतो. चिमणीचा पिवळा.

मागच्या चाकाच्या ब्रेकवर एक पिवळी रेघ तुटली होती. अर्धी पट्टीवर होती आणि उरलेली अर्धी बोल्टबरोबर पार बाजूला फिरली होती. बोल्ट मात्र घट्ट होता. त्याच्यावर दुसरी रेघ होती, ताजी आणि लाल.

लाल रंग काकाचा.

तिला सगळं आठवलं. तिने आधी रेघ ओढली होती. आता पाना घेऊन आवळायचा, एवढ्यात इंजिनवाल्याने इंजिन उचलायला हाक मारली होती. परत आल्यावर रेघ दिसली आणि तिने काम झालं असं धरलं. तशीच ती आज गाडीत बसली होती. आणि काकाच्या बुटांना तर नाडीच नव्हती.

टॉर्च तिथेच ठेवून ती दारात गेली. अंगणात सगळे तिचीच वाट बघत होते, पलीकडे काका सायकलचं कुलूप काढत होता.

"सगळे आत या," ती ओरडली. "काकालाही घ्या. मतं पुन्हा घ्यायचीत. ब्रेकला शेवटचा हात माझा नव्हता."