उंदीरमामाची साक्ष

“माझी कवळी तुझ्या चकली मांजरीनेच पळवली,” बोळक्या तोंडाने शेजारचे दाजी म्हणाले. “खोटं ठरलं तर चाळीदेखत रांगत म्याव करीन. नाहीतर मांजर नदीपार.”

“लागली पैज,” ऊर्वी म्हणाली.

पोरं पडलेला दुधाचा दात ज्या बिळात टाकतात, तिथे तिने डोकं घातलं आणि सुर्रकन आत घसरली. आत उंदरांचं गाव होतं, घरं दातांची. चौकात कवळीशेजारी उंदीरमामा कपाळाला हात लावून बसलेला.

“एक म्हातारा बिळापाशी शिंकला, तेव्हा ही पडली. दाताला दात देतो आम्ही. एवढे एकदम कुठून आणू?”

“दाजींना जुनेच हवेत, मामा.”

मामाचा जीव भांड्यात पडला. साक्षीला तो चकलीच्या पाठीवर बसून अंगणात आला.

दाजींनी कवळी बसवली, गुडघे टेकले आणि असं म्याव केलं, की चकलीला न भ्यालेला मामा घाबरून बिळात पळाला.