गाडीखालचा पुठ्ठा

बाबा गेले त्याला तीन महिने झाले. त्यांची जुनी गाडी तेव्हापासून फाटकाच्या आत उघड्यावर उभी होती. ती कुणी एकदाही सुरू केली नव्हती. तरी रोज सकाळी तिच्याखाली ऑइलचा ताजा डाग असायचा.

आई तो साबणाने घासून काढायची. बाबा होते तेव्हा घासता घासता तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. आता ती अवाक्षर काढत नव्हती, आणि ते मला बघवत नव्हतं.

शेवटी मी बाबांच्या ओळखीच्या मेकॅनिककाकांना बोलावलं. त्यांनी गाडीखाली पुठ्ठा सरकवला.

"कुठून गळतंय ते यावरून कळेल. पण पोरी, उभी गाडी एवढी गळत नाही. ही आत्ताच फिरून आल्यासारखी गळतेय."

जाताना त्यांनी इंजिनातलं सगळं ऑइल काढून नेलं.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर सात थेंब होते. काकांनी ऑइल मोजायची पट्टी ओढून बघितली, तर ती कोरडी ठाक. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी गॅरेजला नेतो." आणि दोर बांधून ओढत घेऊन गेले.

आज सकाळी आई दारातून म्हणाली, "तो पुठ्ठा उचल गं, आता कशाला हवाय?" कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला.

जागा रिकामी होती. वर निरभ्र आभाळ. मी गुडघे टेकून वाकले, पुठ्ठ्याच्या कडेला हात घातला.

माझ्या मानेवर ऑइलचा थेंब पडला. गरम होता.