समुद्रस्नान

मेलकावेरी गावी, सासरच्या घरी परत पाय ठेवल्यापासून शिवकामीच्या तोंडी सिलोनशिवाय दुसरं काही नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती, म्हणून सासूबाईंनीच तिला उन्हाळ्याचे दोन महिने कोलंबोला, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी धाडलं होतं. राजगोपालनेही हौस पुरवली. समुद्राकाठी माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, चहाचे मळे दाखवले, बुद्धाचा दात ठेवलेलं देऊळ दाखवलं, नदीत डुंबणारे हत्ती दाखवले.

“मी रोज समुद्रात न्हायले,” शिवकामी सांगत होती, “पण हे काही उतरले नाहीत. वाळूवरच बसायचे. आणि दाढी तर ही एवढी वाढवलीय! विचारलं, तर म्हणाले, नवस आहे.”

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

“नवस कसला डोंबलाचा! अगं, बायको पोटुशी असली की नवरा समुद्रात न्हात नाही, दाढी करत नाही. आपल्या घरातल्या सगळ्या पुरुषांनी पाळलंय हे. आणि मला तू आत्ता सांगतेस?” लगबगीने उठून त्यांनी साखर आणली, चिमूटभर सुनेच्या तोंडात घातली. “कितवा महिना, पोरी?”

साखर शिवकामीच्या जिभेवर तशीच राहिली. परत येताना तलैमन्नारला बोटीत बसायच्या आदल्या दिवशीच, तीन दिवस बाजूला बसून, ती न्हाली होती.